भुऱ्याची बाजू

भुऱ्या कुठे गेला?

मी बांड्या बोलतोय, देवीदासभाऊंच्या गोठ्यातला धाकटा बैल. हा प्रश्न मी दिसेल त्याला विचारला. हंबरून विचारला, दावं ओढून विचारला, कधी शिंग उगारून विचारला. म्हैस रवंथ करत राहिली. माणसांना वाटलं मला तहान लागली आहे, म्हणून त्यांनी बादली आणून ठेवली. मी ती उलथून दिली.

मला शिकवण फारशी नाही. नांगर, पिकात फिरवायचा डवरा आणि बंडी म्हणजे बैलगाडी, एवढीच माझी शाळा. तिथेही नीट चालायचं काम भुऱ्याचं. मी त्याच्या अंगाला घासत मागून ओढला जायचो. तेव्हा जे झालं ते जसं आठवतं तसं सांगतो.

आम्ही एकाच गाईचे. तो मोठा, मी धाकटा. तो मातीच्या रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका. मी काळ्यापांढऱ्या डागांचा, म्हणून बांड्या. माझ्या नाकात वेसण टोचली त्या दिवशी मी गोठ्याची मेढ हलवून सोडली होती. कुणी जवळ येईना. भुऱ्या आला आणि माझं रक्ताळलेलं नाक चाटत उभा राहिला.

जुवाखाली तो उजवीकडे, मी डावीकडे. बैलाची बाजू एकदा लागली की लागली. दुसऱ्या बाजूला जुंपलं तर त्याला स्वतःचेच पाय परके वाटतात. माझ्यासाठी जगाची उजवी बाजू म्हणजे भुऱ्याचं पोट, त्याचा वास आणि त्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. त्याच्या पलीकडे काय आहे ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

पण भुऱ्या पलीकडेच पाहायचा. तिकडे अनिल चालायचा.

अनिल म्हणजे देवीदासभाऊंचा एकुलता मुलगा. मिसरूड नुकतीच फुटलेली, तोंडात सदा शीळ. तो गोठ्यात शिरला की भुऱ्या खाणं सोडून मान पुढे करायचा, आणि अनिल त्याच्या गळ्याची पोळी खाजवायचा. मग मी मध्ये घुसायचो. डोकं खुपसायचो, अनिलच्या पायावर पाय द्यायचो.

"पाह्य नं, बाबा, या बांड्याले!" अनिल हसत ओरडायचा. "सवतीसारका जळते!"

"तूच लाडावलं त्याले," देवीदासभाऊ म्हणायचे. "खाजव त्याले बी थोडं."

तो खाजवायचा. पण उरलेल्या हाताने. ते मला कळायचं.

ते साल पंच्याऐंशीचं, असं अंबाबाई सांगते. अंबाबाई अनिलची आई. श्रावणातले दिवस होते, पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, डवरणी चालली होती. रामाकोना स्टेशनाकडून दुपारच्या छोट्या गाडीची शिट्टी आली तेव्हा अनिलने डवरा सोडला. भुऱ्याला त्याने मोहाच्या झाडाखाली आपल्याजवळ बांधलं आणि मला लांब, शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या बाभळीला.

"तू तिकडंच राय. काल माही भाकर तुडवली तुनं."

आभाळ काळं होऊन आलं. मी तिकडून पाहत होतो. अनिल भाकरीचा तुकडा मोडून भुऱ्याला भरवत होता. मला इतका राग आला की मी पाठ फिरवली.

मग सगळं पांढरं झालं. मी गुडघ्यांवर पडलो. उठलो तेव्हा मोहाची साल उभी फाटली होती, आणि खाली दोघं होते. भुऱ्याची मान अनिलच्या पायांशी पडली होती. मी दावं ओढत राहिलो, वेसणीतून रक्त येईपर्यंत. विजेनेही त्याच दोघांना निवडलं होतं.

अनिलसाठी सारं गाव आलं. त्याच्यासाठी लाकडाची पेटी झाली, फुलं आली, क्रूस आला. सौसरचे सुखदेव पास्टर तेव्हा परगावी होते, म्हणून मंडळीतल्या लोकांनीच प्रार्थना केली, गाणी म्हटली. पेटी ठेवली ती शेजारच्या मोतीरामच्या बंडीत, आणि ती बंडी मोतीरामच्या बैलांनी नेली. माझ्या घरचा माणूस परक्या बैलांनी नेला, आणि मी गोठ्यात बांधलेला होतो.

भुऱ्याला दोरांनी ओढून शेताच्या कोपऱ्यात पुरलं. तिथे कुणी गाणं म्हटलं नाही. अनिल एक दिवस उठणार आहे असं जो तो म्हणत होता. भुऱ्याबद्दल कुणी काहीच म्हणत नव्हतं. मला मेलेल्या अनिलचाही हेवा वाटला. जिवंतपणी त्याने माझा भाऊ घेतला, जातानाही सोबत नेला, आणि वर त्याला उठायचं वचनही मिळालं.

देवीदासभाऊ रडले नाहीत. त्या गावात प्रभूला मानणारे पहिले तेच. मरणाचं भय आता उरलं नाही, असं त्यांनी चावडीवर बसून लोकांना सांगितलेलं. आता लोक त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"रडू नोको," ते अंगणात अंबाबाईला म्हणाले. "आपन रडलो तं गाव म्हनन, यांचा देव खोटा."

"माह्या पोटचं लेकरू गेलं हो, अनिलचे बाबा."

"गेलं नाही. प्रभूजवळ हाय. तुहा इश्वास नाही का?"

तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. सकाळी ती शेण काढायला यायची, शेणात हात घालून तशीच बसून राहायची. डोळे कोरडे. मीही तिच्याकडे पाहायचो, तीही माझ्याकडे.

पोळा आला. आमच्या घरी बैलाची पूजा होत नाही, पण दरवर्षी अनिल आम्हाला नदीवर धुवायचा, शिंगं रंगवायचा, भुऱ्याची आधी आणि माझी नंतर. या वर्षी कुणी पाणीही ओतलं नाही. मोतीरामचे बैल झूल घालून, शिंगांना बेगड लावून दारावरून गेले. मी गव्हाणीला लाथ घातली.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची पांढुर्ण्याची दगडफेकीची जत्रा, गोटमार झाली, आणि देवीदासभाऊ पांढुर्ण्याच्या बाजारातून बैल घेऊन आले.

मी लांबून पाहिलं. मातीचा रंग. कपाळावर पांढरा ठिपका.  मी असा हंबरलो की अंबाबाई घरातून धावत बाहेर आली. मग वारा फिरला आणि त्याचा वास आला. तो भुऱ्या नव्हता. मी दावं तोडलं आणि सरळ त्याच्या अंगावर गेलो.

चौघांनी मला आवरलं. मोतीराम नव्या बैलाभोवती फिरला. "रंग तं हुबेहूब हाय, देवीदासभाऊ. बाजू कोन्ती याची?"

देवीदासभाऊ दावं बांधत राहिले.

"बाजू कोन्ती म्हनलो?"

"इचारली नाही."

"तुमी? तुमी बाजू नाही इचारली? अर्ध्या गावाले बैल तुमी निवडून देल्ले, बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी जुंपून पाहिलं. नवा डावीकडचाच निघाला. एका जुवाला दोन डावे. त्याला उजवीकडे घातलं तर तो मागे सरकायचा. मला घातलं तर मी आडवा व्हायचो. भुऱ्याच्या जागी मी उभा राहणार नव्हतो, आणि दुसऱ्या कुणाला उभं राहूही देणार नव्हतो. ओढाताणीत जुवाची शिवळ, मानेजवळची खुंटी, मोडली.

"बैल आनला का आरसा आनला?" मोतीराम म्हणाला. धुऱ्यावरची माणसं हसली.

देवीदासभाऊंनी तुतारी, टोकाला आर लावलेली काठी, उगारली आणि माझ्या पुठ्ठ्यावर टोचली. माझ्या उभ्या जन्मात पहिल्यांदा.

"हाच मारकुंडा झाला," ते म्हणाले. "याले इकून टाकतो."

म्हणजे मी जाणार होतो. जिथे माझा भाऊ पुरला तो कोपराही मला दिसणार नव्हता, आणि तो नवा आमच्या गव्हाणीत राहणार होता. तरीही मी मान दिली नाही. अशी माझी अक्कल.

सुखदेव पास्टर परतले आणि दुपारीच सायकलवरून आले. अंगणातल्या बाजेवर बसले. गोठ्यातून मला सगळं दिसत होतं.

"सगळं बरं हाय, पास्टरसाहेब," देवीदासभाऊ म्हणाले. "प्रभूची इच्छा."

 पास्टरांनी गोठ्याकडे पाहिलं. "नवा बैल घेतला म्हनते. काहून असा घेतला, बिना बाजू इचारल्याचा?"

"दिसाले तसा होता."

"कोनासारका?"

"भुऱ्यासारका." देवीदासभाऊंनी बाजेची दोरी बोटाला गुंडाळली. "अनिल त्याच्या पाठीवर हात टाकून उभा राहाचा. मले वाटलं, बैल असला तं..." आणि ते एकदम बोलले, "मले जळन होते, पास्टरसाहेब. मोतीरामचा पोरगा सायकल घेऊन निंगते तं मले वाटते, हा काहून जित्ता? माहाच काहून गेला? असा मानूस इश्वासी कसा म्हनाचा?"

मी कान ताठ केले. हे तर माझं होतं. माणसालाही होतं तर.

पास्टर म्हणाले, "प्रभूचा दोस्त मेल्ता, तवा प्रभू त्याच्या कबरीपाशी गेला. त्याले मालूम होतं, आता घडीभरात याले उठवतो. तरी रडला. काहून रडला?"

"मालूम नाही."

"मरन वाईट हाय म्हनून. ते दुश्मनच हाय, देवीदास. त्याले चांगलं म्हनाले आपल्याले कोनी सांगतलं नाही. अनिल उठन, हे खरं. पन आज तो या बाजेवर नाही, हे बी खरंच. दोन्ही म्हन. एक लपवून दुसरं म्हनू नोको."

देवीदासभाऊंनी तोंड उघडलं. बाहेर आला तो आवाज असा होता की नवा बैल बिचकून मागे सरकला. ते दोन्ही हात बाजेवर आपटून रडले. अंबाबाई बाहेर आली. तिने त्यांना गप्प केलं नाही. खाली बसली, त्यांच्या पायाला डोकं लावलं आणि इतक्या दिवसांचं रडू मोकळं केलं.

कुंपणापाशी मोतीराम उभा होता. मला वाटलं, हा आता हसणार. त्याने टोपी काढली, आत आला आणि जमिनीवर बसला.

"देवीदासभाऊ," तो म्हणाला, "आमाले वाटलं तुमाले दुखच नाही. तुमच्या घरी येवाचं भेव वाटे जी. म्हनून तोंडाले येईन ते बोलत होतो."

 मग अंबाबाईने नाक पुसलं आणि विचारलं, "आन भुऱ्याचं काय जी, पास्टरसाहेब? तो बी उठन का?"

मी चावणं थांबवलं.

"मले नाही मालूम, बाई. मालूम हाय म्हनलो तं खोटं होईन. चिमनी पडली तरी देवाले समजते, एवढं मालूम हाय. त्याच्या पुढचं नाही."

उत्तर मिळालं नाहीच. पण माझा प्रश्न एका माणसाच्या तोंडून निघाला होता. माझं जळणं त्याने गेलं नाही. घशात अडकलेला कडबा थोडा खाली सरकावा, तेवढं झालं.

तुमच्या घरचं कुणी गेलं तर तुम्ही रडा. देवावर भरवसा असेल तर त्याच्यासमोर रडा. आणि गोठ्यात कुणी दावं ओढत असेल तर नुसती बादली ठेवून जाऊ नका, एकदा त्याच्या मानेवर हात ठेवा. आता मी उजवीकडचा बैल आहे. मला विकलं नाही. नव्याशी अजून माझं पटत नाही, कडब्याची पेंढी मी त्याच्या पुढून ओढतोच. पण तो कोपरा मला रोज दिसतो.

बाजू कशी बदलली तेवढं सांगतो. अनिलच्या कबरीचा दगड पांढुर्ण्याहून ट्रकने सडकेपर्यंत आला होता. तिथून कब्रस्तानापर्यंत वाट बंडीचीच.

"माहे बैल घेऊन जा, भाऊ," मोतीराम भल्या मनाने म्हणाला.

पुन्हा त्याचेच बैल! देवीदासभाऊंनी मला बाजूला बांधायला सोडलं होतं. मी हिसका देऊन निघालो, बंडीपाशी गेलो आणि जुवाच्या उजव्या बाजूला मान घातली. फार चांगल्या मनाने गेलो असं मी म्हणणार नाही. माझ्या घरचं ओझं पुन्हा दुसऱ्याने न्यावं हे मला सोसलं नाही, एवढंच. देवीदासभाऊ माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी डावीकडे नव्याला जुंपलं.

वाटभर माझे पाय एकमेकांत अडकले. आमच्याकडे डावीकडे वळायची वळणं फार, आणि वळताना लांबचा फेरा उजव्या बैलाला पडतो, सगळी ओढ त्याच्या खांद्यावर येते. भुऱ्या कधी कुरकुरला नव्हता. डावीकडे पाहिलं तर नवा धक्के देत, मध्येच थांबत चालला होता. भुऱ्याला मी असाच दिसलो असणार. आणि उजवीकडे, जिथे तो मान वळवून पाहायचा, तिथे आता अनिल नव्हता. तिथून देवीदासभाऊ चालत होते. चालता चालता त्यांनी माझ्या गळ्याखाली हात घातला.

कब्रस्तानात उतार होता. दगड फळ्यांवरून, दोर धरून, हळूहळू खाली सोडायचा होता. बंडी तसूभर हलली असती तर दगड माणसांच्या पायांवर आला असता. अंबाबाई कबरीपाशी उभी राहून मोठ्याने रडत होती, आणि तिला कुणी अडवत नव्हतं.

"हालू नोको रे, बांड्या," देवीदासभाऊ दोराला लटकत म्हणाले. "हालू नोको, बाप्पा."

नवा घाबरून फुरफुरत होता. माझ्या पोटाखाली गोमाशी बसली आणि तिने डंख मारला. दुसरा कुठला दिवस असता तर मी बंडी घेऊन उधळलो असतो. खाली अनिल होता, ज्याने माझा भाऊ माझ्यापासून ओढून घेतला. पण भुऱ्या असता तर तो हलला नसता. मी जू नव्याच्या मानेवर दाबून धरलं, चारही खूर मातीत रोवले, आणि दगड जमिनीला टेकेपर्यंत उभा राहिलो.