आत्याच्या झाडाचं कूळ

आमच्या संग्रहालयात वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून कपाटांत ठेवतात आणि प्रत्येक कुळाचं कपाट वेगळं असतं. ज्याचं कूळ लागत नाही ते झाड जातं 'अनिश्चित' लिहिलेल्या खोक्यात. माझ्या आत्याचं झाड गेली एकतीस वर्षं त्या खोक्यात पडून होतं आणि तिला मात्र मी सांगत आले होते की ते कपाटात आहे.

आत्या इथेच कामाला होती. दुसऱ्यांनी आणलेली झाडं कागदावर चिकटवायची. हात इतका सफाईदार की एक पान वाकडं होईल तर शपथ. स्वतः तिने आयुष्यात एकच झाड आणलं. नाव कुणाला तरी विचारलं, कानावर पडलं तसं चिठ्ठीवर लिहिलं आणि ते चुकलं. अख्खं ऑफिस आठवडाभर खिदळत होतं म्हणे. त्यानंतर तिने काडीसुद्धा आणली नाही. पण अजून महिन्या-दोन महिन्यांनी विचारतेच, "माझं झाड बरं आहे ना गं?" आणि मी आपली, "मजेत आहे."

या सोमवारी साहेबांनी फर्मान काढलं. जागा पुरत नाही, शुक्रवारी चारपर्यंत ज्यांचं कूळ लागणार नाही ती झाडं टाकून द्यायची.

शुक्रवारी सकाळी मी आत्याचा कागद टेबलावर घेतला. कोपऱ्यात सहा तज्ज्ञांच्या सहा चिठ्ठ्या. सगळ्यांनी चुकलेलं नाव कशाच्या जवळ जातंय तेवढंच बघितलं होतं. चौघांनी झाड जाईच्या कुळात ढकललं होतं, बाकीच्या दोघांनी नुसती प्रश्नचिन्हं काढून हात झटकले होते. साहेबांनी तेच नाव संगणकात घातलं.

"जाईचं कूळ दाखवतोय. ठेवा कपाटात आणि मोकळ्या व्हा बाई."

"आणि जाईचं नसलं तर?"

"नसलं तर नसलं. कोण बघायला येतंय?"

माझं डोकंच फिरलं. चुकीच्या कपाटात गेलेलं झाड पुन्हा सापडत नाही, हे मला याच माणसाने शिकवलं होतं. "चार वाजेपर्यंत वेळ आहे ना?" असं म्हणून मी कागद उचलला.

कागदावरची फुलं गोंदात रुतलेली होती. पण खाली एक कागदी पुडी होती, नीट घडी घालून चिकटवलेली. आत पाच सुटी फुलं. अशी पुडी कुणी हौसेने ठेवत नाही, पुढच्याने फूल फोडून बघावं म्हणून ठेवतात. सहा विद्वान येऊन गेले, पण तिची घडी एकानेही मोडली नव्हती. सगळे नावाच्या मागे लागले होते. मी तरी कुठे वेगळी होते?

वाळलेलं फूल तसंच फोडलं तर भुगा होतो, म्हणून ते आधी उकळतात. चहाचं पातेलं पळवल्याबद्दल शिपाईकाकांची बोलणी खाल्ली, पण फूल मऊ झालं. मी ते भिंगाखाली सुईने उघडलं. जाईच्या कुळात पुंकेसर दोन असतात. इथे पाच. पुन्हा मोजले, पाचच. बीजकोश जाईसारखा पाकळ्यांच्या आत नव्हता, खाली देठावर गाठीसारखा बसला होता. मग फांदी बघितली. समोरासमोरच्या दोन पानांच्या मधे बारीकसा त्रिकोणी पापुद्रा. या तिन्ही खुणा एकत्र एकाच कुळात सापडतात.

"कॉफीचं कूळ!" मी ओरडलेच.

साहेब आले, वाकले, त्यांनीही मोजलं. मग म्हणाले, "सातवी चिठ्ठी लिहा."

मी आधी आत्याला फोन लावला. "आत्या, तुझं झाड इतकी वर्षं खोक्यात होतं. मी खोटं बोलत होते."

"माहितीये. खोटं बोलताना तू फार गोड बोलतेस."

"आज कपाटात जातंय. कॉफीच्या कुळात."

"मग ते कॉफीचंच आहे की! पाकळ्यांखालची गाठ मी तेव्हाच बघितली होती. म्हणून तर पुडी केली."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"नाव चुकलेल्या बाईला कूळ कोण विचारणार?"

चिठ्ठीवर 'कोणी ओळखलं' या ओळीत मी आत्याचं नाव घातलं. साहेबांनी ते वाचलं आणि मुकाट्याने खाली सही केली.

फोन अजून चालूच होता. "ऐकतेयस ना?" आत्या म्हणाली. "येताना जुनी वर्तमानपत्रं घेऊन ये, चांगला जाड गठ्ठा. गच्चीवर पाइपाशी काहीतरी उगवलंय. नाव काही मला ठाऊक नाही. पण फुलावर आलंय, दाबून ठेवते."