दाराचं एक टोक

पद्मिनीचे वडील, फौजेतले निवृत्त हवालदार रखमाजी शेलार, १९८५च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून अमेरिकेत मॉरिसव्हिलला आले, तेव्हा तिला एकच काळजी लागली होती. इथे आबांचा दिवस जाणार कसा? ती हॉस्पिटलात नर्स, नवरा रिसर्च पार्कमध्ये, आणि आबांचं इंग्रजी परेडपुरतं. पण आबांनी आपली सोय आपणच लावली. शेजारचे मिस्टर बोल्डेन, साठी ओलांडलेले उंच काळे गृहस्थ, परसात भेंडी लावायचे. आबा कुंपणापाशी जाऊन, रोपं दाट झालीत, असं खुणांनी सांगायचे. बोल्डेन हसायचे आणि खरंच चार रोपं उपटून टाकायचे.

एका रविवारी आबा म्हणाले, "पद्मे, विचार त्यांना, का लंगडतात?"

"आबा, असं विचारत नाहीत इथं."

"विचार गं. बर्फानं पायाची बोटं गेलेल्या माणसाची चाल आहे ती."

तिनं ओशाळत विचारलं. बोल्डेनना राग आला नाही. "इटली," ते म्हणाले. "चव्वेचाळीसचा हिवाळा. सेर्कियो नदीचं खोरं."

पद्मिनीनं मराठीत सांगण्याआधीच आबांनी कुंपण घट्ट धरलं. "सेर्कियो? बार्गा गाव?"

बोल्डेनच्या हातातली पाण्याची नळी तशीच वाहत राहिली. मग त्यांनी नळ बंद केला आणि दोघांना घरात बोलावलं.

त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक जुना पिवळा कागद चौकटीत लावलेला होता. जर्मनांनी विमानातून टाकलेलं पत्रक. पद्मिनी आबांसाठी ते मराठीत वाचू लागली. काळ्या सैनिका, तुझ्या गावात तू बसमध्ये कुठे बसतोस? मग कोणासाठी मरतोस? तुझ्या पाठीशी हिंदी पलटण आणून ठेवली आहे. तू मागे फिरलास, तर ते तुला गोळी घालतील.

"आमच्यावर हिंदी भाषेतलं टाकलं होतं," आबा हळूच म्हणाले. "त्यात होतं, पुढचे काळे शिपाई पळणार आहेत, इंग्रजानं त्यांच्या जागी मरायला तुम्हाला आणलंय. तुमच्या देशाला स्वराज्य कुठं आहे?"

पद्मिनीनं ते इंग्रजीत सांगितलं. आबा लढाईत होते, एवढंच तिला आजवर माहीत होतं. लढाईतलं त्यांचं वाक्य ती पहिल्यांदाच ऐकत होती, आणि तेही दुसऱ्यासाठी.

"पण हे खोटं होतं ना?" तिनं आधी इंग्रजीत विचारलं, मग मराठीत.

"बसचं खरं होतं, आम्हाला मागेच बसवायचे," बोल्डेन म्हणाले. "माझ्या देशानं मला जे कधी लिहून दिलं नाही, ते शत्रूनं दिलं. म्हणून चौकटीत ठेवलंय."

"स्वराज्याचंही खरंच होतं," आबा म्हणाले. "म्हणून तर भीती वाटली. निम्मं खरं, मग उरलेलंही खरंच असेल."

मग आबा सांगू लागले, आणि ती एकेक वाक्य पुढे देत गेली.

नाताळाच्या सुमारास आबांची तुकडी बर्फातून डोंगर चढत होती. वळणावर वरून पाच-सहा काळे शिपाई खाली येताना दिसले. दोन्हीकडच्यांनी पत्रकं वाचलेली. दोन्हीकडच्या बंदुका वर झाल्या. कोणी हलेना. त्या शिपायांनी एका घराचं दार काढून त्यावर जखमी घातला होता. तेवढ्यात दार धरणारा एक जण गुडघ्यावर कोसळला आणि दार कलंडलं.

"आमच्यातल्या एकानं बंदूक बर्फात टाकली," आबा म्हणाले, "पुढं गेला आणि ते टोक उचललं. मग सगळ्यांच्याच बंदुका खाली आल्या."

"तो काही बोलला नाही?" पद्मिनीनं विचारलं.

"कुठल्या भाषेत बोलणार?"

बोल्डेन म्हणाले, "मी जखमी होतो, शुद्धीवर नव्हतो. तुला दारावर घालून आणलं, एका टोकाला हिंदी शिपाई होता, असं मला नंतर सांगितलं."

पद्मिनीनं ते आबांना सांगितलं. आबांनी बोल्डेनकडे खूप वेळ पाहिलं, आणि शेवटी नकारार्थी मान हलवली.

"सांग त्यांना, मला चेहरा आठवत नाही. त्या दिवशी बऱ्याच घरांची दारं निघाली होती."

"तरी थँक यू म्हण त्यांना," बोल्डेन म्हणाले.

"मला नको. टोक मी नव्हतं उचललं," आबा म्हणाले. "भिकू जाधवनं उचललं. फेब्रुवारीत गेला तो, तिथंच अग्नी दिला त्याला. नाव सांग त्यांना."

तिनं सांगितलं. बोल्डेन उठून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "बिकू जादव."

"भि," पद्मिनी म्हणाली. "भिकू."

त्यांनी पुन्हा म्हटलं, मग पुन्हा. आबाही उभे राहिले होते. नाव नीट उमटेपर्यंत दोघांपैकी कोणीच बसलं नाही.