घोडीखालचा कागद

ताईनं वहीच्या पानाची चिंचोळी पट्टी फाडली आणि गिटारच्या घोडीखाली सरकवून पाहिली. जाऊ नये, असं मनापासून वाटत होतं. पट्टी नखभर आत गेली.

घोडी म्हणजे गिटारच्या पोटावर चिकटवलेली लाकडी पट्टी. साही तारांचा ओढा तिच्यावर असतो. तिच्याखाली कागद जातो म्हणजे डिंक सुटायला लागला. आणि गिटार तिच्या थोरल्या भावाची, दादाची होती.

दादा तेवीस वर्षं एका हॉटेलात संध्याकाळी गिटार वाजवत होता. तीन महिन्यांपूर्वी त्याच्या डाव्या अनामिकेचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यानं गिटार ताईकडे, म्हणजे धाकट्या बहिणीकडे, आणून ठेवली. "डोळ्यांसमोर असली की हात शिवशिवतो," म्हणाला होता. येत्या सोमवारी त्याला पुन्हा वाजवून दाखवायचं होतं. हॉटेलचा मॅनेजर नवीन होता. जमलं तर ठेवतो, एवढंच म्हणाला होता. आज शुक्रवार.

झालं होतं ते असं. ताई ज्या क्लासात गिटार शिकवायची आणि जिथं सगळी मुलं तिला ताईच म्हणायची, तिथं वर्षभरासाठी एकाच कंपनीच्या तारा घ्यायच्या ठरल्या. तीन कंपन्यांची नमुन्याची पाकिटं आली, लाल, पिवळी आणि निळी. कुठल्या तारांचा आवाज चांगला, कुठल्या जास्त टिकतात, हे पंधरा दिवसांत सांगायचं काम ताईकडे आलं. क्लासात धड अशा दोनच गिटारी होत्या, म्हणून तिसरी दादाची घेतली. दादा कायम पातळ, दहा नंबरच्या तारा लावायचा. क्लासात बाराच्या जाड, जास्त ओढ्याच्या तारा चालायच्या. पंधरा दिवसांनी असं काय होणार आहे, म्हणत तिनं निळ्या पाकिटातल्या बाराच्या चढवल्या. मग रोज तिन्ही गिटारी तासभर वाजवायच्या आणि वहीत नोंद करायची: आवाज कसा, सूर किती उतरला, गंज कुठं दिसतो. रोज निळीपुढे 'सर्वांत गोड' असं लिहिलं जात होतं.

आता तिनं भराभर तारा सैल केल्या आणि गिटार व वही उचलून वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांचं दुकान गाठलं. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"बाराच्या कुणी चढवल्या हिच्यावर?"

"मी."

"तू? शिकवतेस ना गं तू?"

ताईनं मान खाली घातली. काकांनी तिच्या हातातली वही घेतली, दोन पानं चाळली.

"निळी सर्वांत गोड. निळी होती कुठल्या गिटारवर?"

"याच."

"आणि लाल, पिवळी?"

"क्लासच्या गिटारींवर."

"मग बाई, तू तारा तपासल्याच नाहीस. गिटारी तपासल्यास. ही तर दोरी बांधली तरी गोडच वाजेल." काकांनी वही मिटून परत दिली. "जुना डिंक खरवडायचा, नवा लावायचा, दाबून ठेवायची. बुधवारी ये."

"सोमवारी दादाला वाजवायचंय हो."

"सोमवारी नेलीस तर पहिल्याच गाण्याला घोडी उडेल. मग मला नावं ठेवू नकोस."

त्या संध्याकाळी ती फोन घेऊन बसली. साफ करायला दिली असं सांगावं का? की काकांच्याच माथी मारावं? तिनं दादासाठी दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या. सकाळी देवापुढे हात जोडून बसली, तरी डोळ्यांसमोर ती नखभर फट. शेवटी उठली, क्लासची एक गिटार आणि तिन्ही कंपन्यांचे दहाचे सेट घेतले आणि दादाच्या घरी गेली.

दार वहिनीनं उघडलं. "या, मास्तरीणबाई! तुझे दादा बघ, सकाळपासून चेंडू दाबतायत. एवढी कणीक मळली असती तर घर जेवलं असतं."

दादा डाव्या हातात रबरी चेंडू घेऊन बसला होता. ताईनं उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं. काकांचा बुधवारही सांगितला.

दादानं चेंडू खाली ठेवला. "मी कधी दहाच्या वर गेलोय?"

"नाही."

"तुला माहीत होतं."

"हो."

"मग?"

दादा उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आता तिला खाऊ नका," वहिनी म्हणाली. "परवाचं काय ते बघा."

दादा वळला. "क्लासचीच वाजवावी लागणार. तारा कुठल्या लावू? पंधरा दिवस तोच उद्योग केलास ना?"

निळ्या म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. वहीत तसं लिहिलेलंही होतं. "मला माहीत नाही, दादा," ती म्हणाली. "माझी वही चुकीची आहे."

दादानं तिन्ही पाकिटं वहिनीकडे दिली. "बस मग. भिंतीकडे तोंड कर."

ती दुपार एकाच गिटारवर गेली. वहिनीनं पाकिटं पदराखाली धरून एकेक सेट दिला, दादानं तो चढवला, ताणला, सुरात लावला आणि दर वेळी तीच चार ओळींची चाल वाजवली. ऑपरेशननंतर तो पहिल्यांदाच वाजवत होता. भिंतीकडे बघत बसलेल्या ताईला तारा ऐकायच्या होत्या, पण कान जात होता बोटाकडे. दुसऱ्या ओळीत अनामिका एक श्वास मागं पडत होती. तिन्ही वेळा.

"पहिला सेट खणखणीत," ती म्हणाली, "पण चाल संपेस्तोवर सूर उतरतो. दुसरा बरा. तिसऱ्याचा आवाज थोडा मंद आहे, पण सूर सोडत नाही."

"तिसरा पिवळा," वहिनीनं सांगितलं.

"आणि बोट?" दादानं विचारलं.

"पिवळ्याचा सूर टिकतो," ताई पुन्हा तेच म्हणाली.

"छोटे, बोट विचारतोय."

"उशिरा येतंय. दुसऱ्या ओळीत, चढताना."

वहिनी उगाचच रिकामी पाकिटं गोळा करायला लागली. मग मागून पुन्हा तीच ओळ आली, आधी सावकाश, मग नेहमीच्या चालीत. "तिथं मधलं बोट टाकलं. आता?"

"आता वेळेवर."

"मग पिवळ्या राहू देत. उद्या दिवसभर ताणून ठेवतो. आणखी कुठं खटकतंय ते सांग, एकेक."

सोमवारी ताई हॉटेलात खांबाजवळच्या टेबलाशी बसली होती. पहिलं गाणं, दुसरं. सूर जागेवर होता. चौथ्या गाण्यात बोट एकदा घसरलं; काटे-चमच्यांच्या आवाजात ते तिच्याशिवाय कुणाला कळलं नसावं. तासाभरानं मॅनेजर दादापाशी गेला. "उद्यापासून सातला या. जरा हळू वाजवा, लोकांना बोलायचं असतं."

"बरं," दादा म्हणाला.

मग तो ताईच्या टेबलापाशी येऊन बसला आणि डावा हात टेबलाखाली नेला. तिनं तो धरला. बोटांची टोकं तापली होती.

"आज अजून एक तास वाजवायचंय," तो म्हणाला.

"जमेल?"

"बघू. तू ऐकत राहा. चुकलं तर घरी गेल्यावर सांग. आत्ता चेहऱ्यावर दिसू देऊ नकोस."

त्यानं हात सोडवून घेतला, घोटभर पाणी प्यायला आणि उठला. ताईनं पदर सावरला, चेहरा सरळ केला आणि ऐकायला लागली.