साडेआठचा बिट

काकांच्या खिशातून वाळू सांडायची, यात नवं काही नव्हतं. तीस वर्षं गंजलेल्या लोखंडावर वाळूचा फवारा मारणाऱ्या माणसाच्या खिशात दुसरं काय असणार? पण त्या दिवशी ती कॉम्प्रेसरच्या शोरूममधल्या चकचकीत फरशीवर सांडली आणि पुतण्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या पुतण्याला वर्कशॉपमध्ये ‘मालक’ म्हणत. वडील गेल्यावर त्याने धंदा हातात घेतला, नवी पाटी रंगवून घेतली आणि स्वतःची कार्डं छापून आणली. कार्डं आली त्याच दिवशी काकांनी हे नाव ठेवलं. “मालक, चहा घेणार का?” असं ते अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायचे. मालक मनातल्या मनात चडफडायचा, पण बोलणार काय? गिऱ्हाईक यायचं ते काकांच्या हातासाठी, कार्डासाठी नव्हे, हे त्यालाही कळत होतं.

तर झालं असं, की एका जुन्या हॉस्पिटलच्या लोखंडी कठड्यांचं मोठं काम अंगावर घेतलं आणि फवाऱ्याला हवा पुरवणाऱ्या जुन्या कॉम्प्रेसरने ऐन वेळी मान टाकली. नवा घ्यायला दोघं निघाले. निघताना काकांनी पाइपच्या तोंडचा नोझल काढून फडक्यात गुंडाळला आणि तारेच्या कड्यात ओवलेले आपले वेगवेगळ्या जाडीचे ड्रिलचे बिट सोबत घेतले. हे कशाला, असं मालकाने विचारलंही नाही. काकांच्या खिशात काय काय असतं हे विचारायचं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं.

शोरूममधला विक्रेता कडक इस्त्रीचा होता. “वाळूच्या ब्लास्टिंगसाठी हवाय? मग आधी सांगा, नोझलचं भोक केवढं आहे? त्यावर सगळं ठरतं.”

“सहा एमएम,” मालक ठणकावून म्हणाला. नोझलच्या कडेला सहाचा आकडा कोरलेला होता. त्यापलीकडे त्याला काही माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे दिसू द्यायचं नव्हतं.

“होतं सहा,” काका म्हणाले. “थांब, मोजूनच दाखवतो.” त्यांनी फडकं सोडलं. फडक्यातून वाळू सांडली. मग खिशात हात घातला, तेव्हा आणखी सांडली. विक्रेत्याने सभ्यपणे आपला चकचकीत बूट मागे घेतला. शेजारी उभी असलेली दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. त्यातला एक हसला, की हसल्यासारखा वाटला, देव जाणे. काका मात्र खाली वाकून तारेतले बिट एकेक चाळत होते.

“काका, सहा लिहिलंय ना त्याच्यावर! तुम्ही गाडीत बसा. मी आलोच.”

काकांनी मान वर केली. “बसतो. पण टाकी बघून भुलू नकोस. मिनिटाला हवा किती देतो ते विचार. आणि आपलं भोक आता...”

“अहो काका, बसा ना गाडीत!”

आवाज जरा चढला खरा. काकांनी नोझल परत फडक्यात गुंडाळला आणि ते बाहेर गेले. दारापर्यंत वाळूची बारीक रेघ उमटली.

विक्रेता बिचारा प्रामाणिक होता. “सहाला हा लाल पुरेल,” तो म्हणाला. “पण नोझल घासलेला नाही ना? वाळूने भोक रुंदावतं. थोडं वाढलं तरी हवा दुप्पट लागते.”

“छे, जवळजवळ नवाच आहे,” मालकाने ठोकून दिलं. आठ महिने काका नव्या नोझलसाठी त्याच्या मागे लागले होते आणि आठ महिने तो “बघू, बघू” म्हणत होता.

लाल यंत्र आलं. पाचशे लिटरची टाकी, सुरू झालं की सगळं वर्कशॉप दणाणायचं. मालकाने त्याच्याजवळ उभं राहून फोटोसुद्धा काढून घेतला. काकांनी डोक्यावर टोप चढवला, दांडी दाबली आणि गंज धुरळ्यासारखा उडाला. मालकाची छाती फुगली. ती फुगलेली राहिली बरोबर दीड मिनिट. मग दाबाचा काटा सातावरून सहावर आला, पाचावर आला, चारावर आला, आणि पाइपातून वाळू कशीबशी ओघळू लागली. काकांनी दांडी सोडली. टाकी भरेपर्यंत थांबले, परत दीड मिनिट काम, परत थांबणं. असं दिवसभर चाललं. काकांनी एकदाच मालकाकडे पाहिलं. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलचा कंत्राटदार येऊन टपकला. तीस कठडे व्हायला हवे होते, झाले होते नऊ. “काय हो, यंत्र तर नवंकोरं दिसतंय. मग घोडं अडलं कुठे?”

आता इथे खरं बोलायला काय झालं होतं? निवडताना चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. पण ते लाल धूड समोर उभं होतं, त्याच्याजवळचा फोटो शंभर जणांना पाठवलेला होता, आणि मालकाची जीभ भलतीकडेच वळली.

“यंत्राचं काही नाही हो,” आवाज खाली आणून तो म्हणाला. “काकांचं वय झालंय. हात चालत नाही आता पूर्वीसारखा. घरचं माणूस, तोंडावर कसं सांगायचं?”

टोपात काकांना काही ऐकू जायचं नाही, असा त्याचा हिशेब होता. पण टाकी नुकतीच भरून यंत्र थांबलं होतं आणि टोप अजून काकांच्या मांडीवरच होता.

कंत्राटदार तसा भला माणूस. जाताना त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. “खूप केलंत, बाबा. आता आराम करा.” काकांनी मान हलवली.

संध्याकाळी त्यांनी पाइप नीट गुंडाळला, टोप खिळ्याला अडकवला, त्याच खिळ्याला बिटांचं कडं अडकवलं. “उद्यापासून येत नाही मी.”

त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. मालकाने उघडलंही, आणि त्यातून निघालं काय, तर “बरं. विश्रांती घ्या.”

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः टोप चढवला. आपण तरुण, आपल्या अंगात रग, बघू या! दीड मिनिट झालं आणि त्याच्या तरुण हातातूनही वाळू ओघळू लागली. परत, परत, परत. अकराच्या सुमारास तो टोप काढून खाली बसला. समोर खिळ्याला कडं लटकत होतं.

त्याने नोझल काढला आणि सहाचा बिट त्यात घातला. तो आत नुसता खुळखुळला. सातचा घातला, तोही सैल. आठचा सुद्धा सरकन गेला. साडेआठचा मात्र असा चपखल बसला, जणू त्याच्यासाठीच भोक केलं होतं. त्या बिटाला दोऱ्याची एक गाठ मारलेली होती. काकांनी आधीच मोजून, खूण करून ठेवली होती. शोरूममध्ये वाकून ते हाच शोधत होते.

मालकाचे कान तापले. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी त्याने चेहरा झाकून घेतला. लाज वाटायला माणसं लागतात असं त्याला आजवर वाटायचं. रिकाम्या वर्कशॉपमध्ये ती जास्तच वाटत होती.

तो तडक काकांच्या घरी गेला. दार काकीने उघडलं, आणि ती चक्क खुशीत होती.

“ये रे ये! बरं झालं बाबा, सुटले एकदाचे. मी किती वर्षं मागे लागले होते. परवापर्यंत ऐकत नव्हते, आणि काल आपणहून म्हणतात, हात चालत नाही आता, तेव्हा मीच सोडलं. म्हटलं, पुतण्याने तर काही म्हटलं नाही ना? तर म्हणतात, छे गं, तो कशाला म्हणेल?”

काका खिडकीपाशी मटार सोलत बसले होते. न चालणाऱ्या त्या हातांखाली दाणे पटापटा पडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

धरणी दुभंगेल तर बरं, असं मालकाला वाटलं. याने केलेली बदनामी काकांनी घरी आणून स्वतःच्या तोंडाने सांगितली होती, का, तर बायकोच्या मनातून पुतण्या उतरू नये म्हणून. आता गप्प बसला असता तरी चाललं असतं. सगळं छान मिटलं होतं. काकी तर चहाच ठेवायला निघाली होती.

“काकी, थांब,” तो म्हणाला. “काकांचा हात चांगला चालतो. यंत्र मी चुकीचं आणलं. यांना मोजूसुद्धा दिलं नाही, लोकांसमोर यांची लाज वाटली मला. आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, की काका थकले. खोटं सांगितलं.”

काकी जागच्या जागी उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून त्याने खिशातून नोझल आणि कडं काढून काकांपुढे ठेवलं. खिशातली वाळू काकीच्या पुसलेल्या फरशीवर पसरली. तो खाली बसून हाताने गोळा करायला लागला. ती कसली गोळा होतेय!

“कितीचा बसला?” काकांनी विचारलं.

“साडेआठचा.”

“हं.” काकांनी आणखी एक शेंग सोलली. “नोझल नवा सहाचा घाल, म्हणजे तुझं यंत्र पुरेल. काम जरा सावकाश होईल, पण अडणार नाही.”

“घालतो. काका, चुकलो मी. उद्या याल ना?”

“चुकलास हे मला कशाला सांगतोस? मला ठाऊक होतं.” काकांनी आता पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. “ज्याला माझा हात थकला म्हणून सांगितलंस, त्याला बोलाव. माझ्यादेखत. आणि बिट घालून दाखव. कोण दाखवणार?”

मालकाच्या डोळ्यांपुढे कंत्राटदाराचा चेहरा आला, ते लाल धूड आलं, तो फोटोही आला.

“मी,” तो म्हणाला.

“मग येतो,” काका म्हणाले आणि मटाराचं ताट त्याच्याकडे सरकवलं.