जाळीमागचा चेहरा

"डावखुरे?" म्हाताऱ्या ऑझेल टार्पलीने हातातला पीच परत पाहुणीने आणलेल्या कागदी पिशवीत ठेवला. "बाई, तुमचे वडील डावखुरे, आणि वर कॅचर?"

"जेवायचे डाव्या हाताने. लिहायचेही."

हर्शेलच्या दुकानात हशा पिकला. शनिवारी तिथे केस कापायला कमी आणि जुना बेसबॉल उकरायला जास्त माणसं जमत. खुर्चीतलं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकसुद्धा तोंडावरच्या फेसासकट वळलं.

"बाई," हर्शेल वस्तरा हवेत धरून म्हणाला, "आपल्या अलाबामात डावखुऱ्याला कॅचर करत नाहीत. त्यापेक्षा बकरी बसवतील तिथे."

व्हर्लीन बेडिंगफील्ड हसली नाही. साठीची बाई, रविवारची हॅट शनिवारीच घालून आली होती. तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. कोळसाखाणीच्या मजुरांचा संघ. पुढच्या रांगेत उकिडवा बसलेला कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारा, तोंडावर लोखंडी जाळी.

"ते माझे वडील. लूशस बेडिंगफील्ड."

"तो रूफस ग्रीर," ऑझेल म्हणाला. "मी या संघाचा पिचर, चेंडू टाकणारा. माझा चेंडू झेलणाऱ्याचं नाव मला माहीत नसेल होय?"

खोट फोटोतच होती. फोटोवाल्याने विनवण्या करूनही रूफसने जाळी काढली नव्हती, आणि झाकलेल्या चेहऱ्याला वारस भरपूर. गेल्या वर्षी एक गृहस्थ आजोबांचा सदरा घेऊन आला होता, पाठीवर नाव छापलेला. "आमच्या वेळी पाठीवर घामाशिवाय काही नसायचं," असं सांगून ऑझेलने त्याची बोळवण केली होती. आता तर जुन्या मैदानावर संघाच्या नावांची शिळा बसणार होती. संघातला जिवंत माणूस तो एकटाच, तेव्हा तो ज्या नावाला मान हलवील ते कोरायचं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. त्यामुळे अलीकडे त्याला पीच देणाऱ्याचाही संशय येई.

"उंच होते ना तुमचे वडील?" त्याने गळ टाकला.

"बुटके. आईच्या खांद्याला लागायचे."

बरोबर होतं. पण फोटोत बसलेला असूनही ते कळत होतं.

"मग नाव बदललं कशाला?"

"आजीमुळे. ती चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी. रविवारी खेळणारा तिच्या लेखी सैतानाचा नोकर. तिला कळू नये म्हणून नाव दुसरं, आणि फोटोत तोंड झाकलेलं."

"छान बसवलीत गोष्ट. आणि तो डावा हात?"

"जन्माने डावखुरे नव्हते हो. उजव्या हाताची बोटं कामातून गेलेली. आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडीतिकडी. आम्हाला वाटायचं, खाणीत चेंगरली."

हसणं हळूहळू विरलं. हर्शेलने वस्तरा खाली ठेवून स्वतःच्या उजव्या पंज्याकडे पाहिलं. कॅचरच्या डाव्या हातात ग्लोव्ह असतो, उजवा उघडा. बॅटला घासून आलेला चेंडू बोटं मोडतो तो त्याच हाताची. बाईला हे ठाऊक नव्हतं, निदान तसं दिसत तरी होतं.

ऑझेल पुढे सरकला. पण त्याने स्वतःला आवरलं. रूफसच्या बोटांबद्दल तो याच दुकानात कितीदा तरी बोलला होता, आणि हर्शेलच्या दुकानात बोललेलं म्हणजे गावभर झालेलं. कुणीही पढवलं असेल हिला.

"नाव नका कोरू," व्हर्लीन म्हणाली. "माझे वडील पुढे जन्मभर पाळक होते. व्यासपीठावर खोटा शब्द काढला नाही. पण घरी ही गोष्ट सांगायला लागले की माझे भाऊ हसून लोळायचे. जाताना मला म्हणाले, 'तू तरी खरं मानतेस ना?' मी हो म्हटलं. मनात नसताना म्हटलं, काका. मला एवढंच सांगा, माझा बाप खोटं बोलत होता का?"

"रूफस ग्रीर मला माहीत आहे. तुमचे वडील मला माहीत नाहीत."

तिने पर्स काखेत घेतली. दारापर्यंत गेलेल्या बाईला असं कसं जाऊ द्यायचं म्हणून हर्शेलने विचारलं, "पाळकसाहेब प्रवचन सांगायचे की गायचे?"

तिचा चेहरा पहिल्यांदा उजळला. ज्याने गायलेलं प्रवचन ऐकलंय त्याचा उजळतोच. "गायचे! शब्द अपुरे पडायला लागले की व्यासपीठ धरून हुंकारायचे. दोन तोकडे, एक लांब. हं, हं, हंऽऽऽम्. लोकांना वाटे, आत्मा उतरला. आम्हा मुलांना मात्र सांगून ठेवलेलं, 'हे ऐकलंत की समजा, आता चेंडू वळणार.' आणि खरंच हो, तिथून पुढे अख्खी मंडळी उभी राहून गायला लागायची."



ऑझेलला तरुणपणीही लांबचं धूसर दिसे. पुढचा चेंडू कसा टाकायचा याच्या खुणा कॅचर गुडघ्यांमध्ये बोटांनी करतो, त्या त्याला कधी दिसल्याच नाहीत. हे कुणाला कळतं तर त्याची रवानगी संघातून थेट खाणीच्या तळाशी झाली असती. रूफसला न सांगता कळलं, आणि त्याने हुंकारायला सुरुवात केली. समोरचे फलंदाज हसायचे: कॅचर भलताच देवभोळा आहे! दोन तोकडे, एक लांब म्हणजे वळणारा चेंडू. ही गोष्ट ऑझेलने हर्शेलला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही.

"काका," हर्शेल हळूच म्हणाला, "बाही भिजली."

हात पिशवीत कधी गेला ते ऑझेलला कळलं नव्हतं. पीच त्याच्या मुठीत होता. वळणारा चेंडू धरतात तशी दोन बोटं वर तिरकी रोवलेली, अंगठा खाली, आणि मनगटावरून रस ओघळत होता.

"नाव तेवढं खोटं होतं," तो म्हणाला. त्याला उठायला वेळ लागला. मग भिंतीचा आधार सोडून तो दारातल्या बाईसमोर ताठ उभा राहिला. "पुन्हा एकदा कर, पोरी. मला इथून दिसत नाही."

व्हर्लीनने हॅट काढून छातीशी धरली. हं, हं, हंऽऽऽम्.

ऑझेलने मान हलवली. कॅचरची खूण पटली की पिचर हलवतो तशी, जेमतेम.