डफाचा विषय

जीपमधून आणलेला डफ किशनरावांच्या पुढ्यात ठेवून मार्तंडराव म्हणाले, "दोनच मिनिटं वाजवा. मशीन तयार आहे."

बाजेवर बसलेल्या किशनरावांनी डफाला हात लावला नाही. "आमी सोडलं ते, सायब. छप्पन सालीच."

"अहो, दवंडी नकोय. नुसता ठेका. तुमच्या पंडितच्या एम.ए.चा प्रश्न आहे."

शेजारी उभ्या असलेल्या पंडितच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संगीताच्या एम.ए.साठी त्यानं प्रबंधाचा विषय मागितला होता यमन रागाचा. त्याचे मार्गदर्शक मार्तंडराव सर हसले होते. "यमनावर लिहिणारे पैशाला पासरी आहेत. तू डफावर लिही. तुमच्या लोकांचं तुम्हीच लिहायला पाहिजे." वडील पूर्वी डफ वाजवायचे, हे पंडितनंच एकदा भोळेपणानं सांगितलं होतं. वर्गातल्या सुमंगलाला मात्र तिचे वडील काय वाजवतात, हे सरांनी कधी विचारलं नव्हतं. वडलांचं वाजवणं टेप करून आणायला पंडित तयार होईना, तेव्हा स्वारी स्वतःच औरंगाबादहून बोरीला आली, टेपरेकॉर्डर तान्ह्या लेकरासारखा मांडीवर घेऊन.

गावकीची दवंडी किशनराव पिटायचे, हे खरंच. धम्म घेतल्यावर त्यांनी तो डफ चुलीत घातला, त्यावर पाणी तापवलं आणि घरातली सगळी माणसं त्या पाण्यानं न्हाली. गावानं वर्षभर कुणाला कामावर बोलावलं नाही. ती उपासमार काय या मशीनवर टेप होणार होती?

"सर, बाबा वाजवणार नाहीत," पंडित म्हणाला. "आणि मी यमनावरच लिहिणार."

"मग दुसरा मार्गदर्शक बघ." विभागात दुसरा कुणी नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

किशनरावांनी लेकाकडे पाहिलं. "तू काय शिकायलास ते म्हण. सायबाला टेप करू दे."

पंडित जमिनीवर बसला, सा लावला आणि यमन सुरू केला. मार्तंडरावांनी बटण दाबून मशीन बंद केलं. असल्या गाण्यावर रीळ कशाला वाया घालवायचं? पंडितनं ते पाहिलं, पण तो थांबला नाही. आलाप संपून बंदिश सुरू झाली, तशी किशनरावांची बोटं आपोआप बाजेच्या लाकडावर पडायला लागली. मार्तंडरावांचा चेहरा उजळला. त्यांचा हात हळूच बटणाकडे गेला.

किशनरावांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी हात उचलला, मांडीखाली दाबून धरला आणि गाणं संपेपर्यंत ते हलले नाहीत.

जीप डफ घेऊन निघून गेली. तिच्यातूनच आपलं एम.ए.ही गेलं, असं पंडितला वाटलं. तो उठायला लागला.

धुरळा खाली बसेपर्यंत किशनराव वाटेकडे बघत राहिले. मग त्यांनी मांडीखालचा हात बाहेर काढून बाजेच्या लाकडावर ठेवला.

"बस," ते म्हणाले. "आता म्हण."