उरलेल्याचा रकाना

"खर्च उतरला की आमचा विभाग वाचेल, एवढंच सरळ सांग ना," ताई म्हणाली. "तुझी आकडेमोड माझ्या डोक्यावरून जाते."

"तसंच समज," बाळ्याने ताटावरून मान न उचलता सांगितले.

बाळ्या म्हणजे कुलपांच्या कारखान्यातला कॉस्टिंग क्लार्क. केस पिकायला लागले तरी ताईच्या तोंडी तो बाळ्याच. ताई त्याच कारखान्यात चाव्या घासत असे. साच्यातून आलेल्या चावीचे दाते कानशीने साफ करायचे, चावी तिच्या कुलपात फिरवून पाहायची आणि पुढे सरकवायची. आईवडील गेल्यावर याच कामावर तिने धाकट्या भावाला शिकवले. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "आधी हे कार्टं मार्गी लागू दे." कार्टे मार्गी लागले, तोवर हिला विचारणारेच थांबले होते.

आता चाव्या घासायला मशीन घ्यावे का, असा विचार वर चालू होता. तीन महिने विभागाचा खर्च मोजायचा आणि मग ठरवायचे. मोजणारा बाळ्याच.

ताईने दुसऱ्याच दिवशी ही गोष्ट बायकांच्या कानावर घातली आणि सगळ्याजणी कंबर कसून कामाला लागल्या. चहाची सुट्टी बंद, गप्पा बंद. एरवी जिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नसे ती मुकादम बाईसुद्धा मुकाट्याने घासू लागली. कानस पार गुळगुळीत होईपर्यंत नवी मागायची नाही. पितळेचा चुरा झाडून परत द्यायचा. घरी आल्यावर ताई जेवता जेवता पेंगायची, पण विचारायला विसरायची नाही.

"आज उतरला का रे?"

"उतरतोय."

एवढे ऐकले की शाळेत पहिला नंबर आल्यासारखी हसायची.

तीन महिने संपले तेव्हा बाळ्याही खूश होता. पितळेचा भाव, पगार, वीज आणि निघालेल्या चाव्या, सगळे जमेस धरून खर्च किती यायला हवा ते त्याने काढले. प्रत्यक्षात तो कितीतरी कमी आला होता. कशानेच न उलगडणारा हा फरक लिहायला तक्त्यात एकच रकाना होता: तांत्रिक सुधारणा. त्याने तो तिथे भरला आणि मोठ्या अभिमानाने कागद साहेबांपुढे ठेवला. आता मशीनचे नाव कोण काढतो, अशी त्याची खात्री होती. तेवढी मात्र खरी ठरली.

"वा! मग मशीन हवंय कशाला?" साहेब म्हणाले. "चाव्या जवळजवळ दुप्पट निघाल्यात. आपल्याला मागणी तेवढीच. निम्म्या बायकांत भागेल की!"

"साहेब, त्या जीव तोडून करतायत. हे कायमचं नाही जमायचं."

"अहो, तुम्हीच तर सुधारणा म्हणून लिहिलंय. एकदा झालेली सुधारणा मागे जाते का कुठं?"

साहेब काही वाईट नव्हते. कागदावर होते तेच त्यांनी वाचले. बाळ्याने हातापाया पडून कागद परत मागितला, नव्याने मांडून देतो म्हणाला, पण तोपर्यंत निर्णय झाला होता. तरुण बायका राहिल्या. ताईसारख्या जुन्या गेल्या.

संध्याकाळी त्याने घरी सगळे सांगितले. ताई चिडेल, चार शब्द सुनावेल, असे त्याला वाटत होते. तसे झाले असते तर बरे, इतके त्याला अपराधी वाटत होते.

"पण सुधारणा कसली रे?" तिने विचारले. "मशीन तर आलंच नाही."

"सगळं मोजून जे उरतं ते तिथं लिहितात, ताई. दुसरा रकानाच नसतो."

"म्हणजे ते आम्हीच होतो होय?"

"हो."

"आणि मला वाटत होतं, मी तुझ्या आकड्यांना हातभार लावतेय." ती थोडीशी हसलीसुद्धा.

बाळ्याला रडू आवरेना. "मी तुला थांबवायला हवं होतं गं."

"तुला तरी कुठं ठाऊक होतं? डोळे पूस आधी."

तिने पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला. बोटे मिटलीच नाहीत. कानस धरताना बोटे जशी वाकत, तशीच ती आखडून राहिली होती.

"कधीपासून हे?"

"होईल बरं. आता काय, विश्रांतीच आहे."

तिने ग्लास दोन्ही तळव्यांत दाबून उचलला. बाळ्या धरायला पुढे झाला तेव्हा तिने मानेनेच नको म्हटले, आणि सावकाश, एक थेंबही न सांडता, सगळे पाणी प्यायली.